बसणाऱ्यांचे वाहन, वाहणाऱ्यांचे वाहन

दोन वाहनांची तुलना करण्याची एक रूढ रीत आहे. डाव्या रकान्यात एक, उजव्या रकान्यात दुसरे. खाली इंजिनाची ताकद, एका लिटरमध्ये किती किलोमीटर, किंमत, आणि शेवटी निर्णय. दोन्ही वाहने एकाच प्रकारच्या ग्राहकासाठी केलेली असतील तर ही रीत पुरेशी ठरते. परंतु एका रकान्यात प्लग-इन हायब्रिड एसयूव्ही आणि दुसऱ्यात डिझेलवर चालणारा हलका ट्रक ठेवला, तर तक्ता भरतो आणि तरीही हाती काही लागत नाही. कारण या दोन वाहनांमधला खरा फरक इतिहासाचा आहे, आणि इतिहासाला तक्त्यात रकाना नसतो.

अशी तुलना करावीशी वाटावी असे एक ठिकाण म्हणजे भिवंडी तालुक्यातील खारबाव. दिवा–वसई रेल्वेमार्गावरचे हे एक लहान स्थानक. अंजूर फाट्याहून कामणमार्गे चिंचोटीला अहमदाबाद महामार्गाशी मिळणारा रस्ता याच गावावरून जातो. भाताची खाचरे, वसईच्या खाडीची खारट हवा आणि वाढत चाललेली पत्र्याची गोदामे असा हा मुलूख. या रस्त्यावर वाहतूक तुंबली की दीड कोटीची गाडी आणि तिसऱ्या मालकाच्या हातात आलेला ट्रक एकमेकांमागे उभे राहतात. कायद्यालाही या शेजाराचे वावडे नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार साडेसात हजार किलोपर्यंतची दोन्ही वाहने 'हलके मोटार वाहन' याच वर्गात मोडतात. या वर्गाचा परवाना असलेल्या चालकाला त्याच मर्यादेतले मालवाहू वाहनही चालवता येते, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला. वर्ग एक, रस्ता एक. नंबरपाटी मात्र एकाची पांढरी आणि दुसऱ्याची पिवळी. या दोन रंगांमागे काय आहे, ते पाहणे हा या लेखाचा हेतू आहे.

प्रथम पांढऱ्या पाटीचे घराणे पाहू. आजच्या एसयूव्हीची आजी म्हणजे जीप. १९४५ मध्ये 'महिंद्र अँड महंमद' ही कंपनी स्थापन झाली. तिच्यातले गुलाम महंमद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनीचे नाव 'महिंद्र अँड महिंद्र' झाले. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतच या कंपनीने विलिस जीपची जुळणी मुंबईत सुरू केली. रणभूमीसाठी जन्मलेले हे वाहन आपल्याकडे आले ते कचेरीचे आणि सत्तेचे वाहन म्हणून. मामलेदार, फौजदार, बांधकाम खात्याचा अभियंता आणि पुढे सहकारी साखर कारखान्याचा अध्यक्ष, हे सारे गावात शिरले ते जीपमधून. ग्रामीण कथेत 'जीप आली' एवढे दोन शब्द पुरतात. त्यातून कोण आले ते लेखकाला सांगावे लागत नाही. २००२ मध्ये स्कॉर्पिओ आली आणि जीपचा वारसा वातानुकूलित झाला. रूप पालटले, पण रस्त्यापासून उंच बसण्याचा मान तोच राहिला.

पिवळ्या पाटीचे घराणे याहून साधे आणि भाषेच्या अभ्यासकाला अधिक रोचक आहे. १९५८ मध्ये फिरोदिया आणि बजाज यांच्या उद्योगातून 'बजाज टेम्पो' ही कंपनी उभी राहिली. जर्मनीतील हॅम्बुर्गजवळच्या 'विडाल अँड सोन' या कारखान्याच्या सहकार्याने तिने तीनचाकी मालवाहू गाडी काढली. त्या जर्मन कारखान्याची मुद्रा होती 'टेम्पो'. मूळ कारखाना गेला. २००५ मध्ये इथल्या कंपनीनेही 'फोर्स मोटर्स' असे नाव घेतले. परंतु मराठीत टेम्पो राहिला तो कायमचा. आज कोणत्याही कंपनीचे, कितीही चाकांचे लहान मालवाहू वाहन आपल्या लेखी टेम्पोच असते. घर बदलताना 'टेम्पो आला का?' असे विचारणाऱ्याला एका परदेशी कारखान्याचे नाव आपण घेत आहोत, याची जाणीवही नसते. विशेषनामाचे सामान्यनाम होणे हा भाषेने केलेला मोठा सन्मान असतो, आणि तो या वाहनाला कोणत्याही जाहिरातीविना मिळाला.

ऐंशीच्या दशकात जपानी कंपन्यांशी भागीदारी करून डीसीएम-टोयोटा, आयशर-मित्सुबिशी, स्वराज-माझदा आणि ऑल्विन-निस्सान असे चार हलके ट्रक भारतात उतरले. त्यांना टाटांनी दिलेले उत्तर म्हणजे १९८६ चा '४०७'. दोन टनांच्या आसपास ओझे, आणि गल्लीत वळू शकेल असा बांधा. मे २००५ मध्ये त्याहून लहान 'टाटा एस' आला. त्याचे डिझेल इंजिन दोन सिलिंडरचे, सुमारे सातशे सीसीचे. कंपनीने ठेवलेले नाव इंग्रजी. लोकांनी मात्र त्याला 'छोटा हाथी' म्हटले आणि तेच चालले.

या वाहनांना भिवंडीत एवढे काम मिळाले, यालाही इतिहास आहे. मुंबई महापालिकेच्या हद्दीत माल शिरला की जकात द्यावी लागे. त्यामुळे हद्दीबाहेर, पण शहराच्या जवळ, माल साठवून ठेवणे व्यापाऱ्याला सोयीचे होते. यंत्रमागांसाठी प्रसिद्ध असलेल्या भिवंडीच्या आसमंतात दापोडे, माणकोली, पूर्णा, काल्हेर, वळ, राहनाळ या गावांतून गोदामे उभी राहिली. १ जुलै २०१७ रोजी वस्तू आणि सेवा कर आला, मुंबईची जकात संपली, पण गोदामे गेली नाहीत. उलट घरपोच खरेदीच्या लाटेत ती वाढली. मोठा ट्रक दूरदेशीचा माल गोदामापर्यंत आणतो. तिथून ठाण्या-मुंबईच्या दुकानापर्यंत आणि दारापर्यंत तो पोहोचवतो हलका ट्रक. शहरातली सुखवस्तू सोसायटी अशी त्याच्या पाठीवर उभी असते.

आता 'हायब्रिड' या शब्दाकडे वळू. मराठीत हा शब्द मोटारीने आणलेला नाही. तो शेतातून आला. १९६४ मध्ये 'सीएसएच-१' हे संकरित ज्वारीचे वाण प्रसृत झाले आणि पुढच्या काही वर्षांत 'हायब्रीड' हा शब्द खेड्यापाड्यांत रुळला. उत्पन्न भरघोस, पण भाकरीला चव नाही अशी तक्रार. त्यातून 'हायब्रीड' म्हणजे दिसायला भरदार आणि आतून बेचव, असा एक उपहासाचा अर्थही बोलीत आला. मोटारीतला संकर मात्र ज्वारीहून जुना आहे. विद्युत मोटर आणि तेलाचे इंजिन एकत्र नांदवण्याचा प्रयोग फर्डिनांड पोर्शे यांनी १९०० च्या सुमारास केला होता. टोयोटाने १९९७ मध्ये 'प्रिउस' काढून तो बाजारात स्थिर केला. प्लग-इन हायब्रिड ही त्याची पुढची पायरी. हिची बॅटरी भिंतीवरच्या जोडणीतून भरता येते. पहिले काही किलोमीटर गाडी केवळ विजेवर चालते आणि मग इंजिन जागे होते. भारतात २०१६ मध्ये व्होल्वोची 'एक्ससी-९०' आणि २०२२ च्या अखेरीस बीएमडब्ल्यूची 'एक्सएम' या रूपात ती आली, ती श्रीमंतांच्या अंगणात.

येथे प्रत्यक्ष तुलना करता येते. या एसयूव्हीचे स्वतःचे वजन दोन टनांहून अधिक भरते. म्हणजे ४०७ जेवढे ओझे पाठीवर घेतो, जवळजवळ तेवढे ही गाडी केवळ स्वतःच्या रूपाने वाहत असते, आणि तिच्यात पुष्कळदा एकच माणूस बसलेला असतो. समजा, खारबावहून निघालेला भरलेला ट्रक एका लिटरला दहा किलोमीटर जातो आणि बॅटरी संपलेली एसयूव्हीही तेवढीच जाते. तक्त्यात दोघे बरोबरीचे ठरतील. पण चाळीस किलोमीटरनंतर एकाने चार लिटरमध्ये दोन टन धान्य पोहोचवलेले असेल, दुसरीने एक माणूस. दर किलोमीटरचा हिशेब आणि दर टनाचा हिशेब यांत एवढे अंतर पडते.

बॅटरी भरलेली असेल तर चित्र बदलते, हे मान्यच केले पाहिजे. पण ती भरली जाते का? युरोपीय आयोगाने २०२४ मध्ये प्रत्यक्ष रस्त्यावरच्या नोंदी तपासल्या, तेव्हा प्लग-इन हायब्रिड गाड्यांचे कार्बन उत्सर्जन प्रयोगशाळेतल्या आकड्याच्या सरासरी साडेतीनपट निघाले. त्यामागचे एक मुख्य कारण साधे होते: मालक गाडी अपेक्षेइतकी प्लगला लावत नाहीत. आपल्याकडे तर प्लगमधून येणारी वीजही मुख्यतः कोळशाचीच.

याचा अर्थ डिझेल निष्पाप आहे असा मुळीच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलचा धूर कर्करोगकारक ठरवला. १ एप्रिल २०२० पासून 'बीएस-६' मानक लागू झाले, इंधनातील गंधकाचे प्रमाण दहा लाखांत पन्नास भागांवरून दहा भागांवर आले. पण ते बंधन नव्या गाडीच्या इंजिनाला. हातबदल होत होत शेवटच्या मालकाकडे आलेला जुना ट्रक आपला जुनाच धूर सोडत राहतो. तो धूर पहिल्यांदा कोणाच्या छातीत जातो? चालकाच्या, हमालाच्या, आणि रस्त्याकाठच्या शाळेत जाणाऱ्या मुलाच्या. श्रमाच्या वाहनाचे गुणगान करताना श्रमिकाच्या फुप्फुसाचा विसर पडू नये.

म्हणूनच खरा प्रश्न 'दोहोंत चांगले कोणते' हा नाही. प्लग आधी कोणाच्या दारी गेला, हा आहे. दररोज ठरावीक अंतर जाणारे, संध्याकाळी त्याच गोदामाशी परतणारे आणि रात्रभर उभे राहणारे वाहन विजेला सर्वाधिक अनुकूल. हे वर्णन एसयूव्हीपेक्षा छोट्या हाथीला कितीतरी अधिक लागू पडते. भारतात प्लग-इन एसयूव्ही २०१६ मध्ये आली. टाटा एसची विजेवर चालणारी आवृत्ती मे २०२२ मध्ये. सप्टेंबर २०२५ च्या कररचनेत मोठ्या हायब्रिड गाडीवर चाळीस टक्के, मालवाहू ट्रकवर अठरा टक्के आणि केवळ विजेवर चालणाऱ्या वाहनावर पाच टक्के वस्तू आणि सेवा कर आहे. म्हणजे कराने तरी हा भेद ओळखला. पण कर कमी असून भागत नाही. प्लग लावायला स्वतःची भिंत लागते. एसयूव्हीच्या मालकाकडे ती असते. हप्त्याने ट्रक घेतलेला चालक गाडी रस्त्याच्या कडेला उभी करतो आणि तिच्यातच झोपतो. भिंत आहे ती गोदामाची, छप्परही आहे आणि त्यावर ऊनही भरपूर पडते. पण ती भिंत त्याची नाही.

साहित्याच्या विद्यार्थ्याने या सगळ्यात का पडावे, असे कोणी विचारील. एक कारण असे की ट्रक हे आपल्याकडचे असे वाहन आहे ज्यावर माणसे लिहितात. आईचा आशीर्वाद, गावदेवीचे नाव, मुलांची नावे, मागे नजर लागू नये म्हणून काळा गोंडा. 'हॉर्न ओके प्लीज' या मजकुरावर महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये बंदी घातली, तेव्हा त्या तीन शब्दांचा अर्थ काय यावर किती चर्चा झाली, हे अनेकांना आठवत असेल. एसयूव्हीच्या पाठीवर कारखान्याने बसवलेली धातूची अक्षरे असतात; वाचण्यासारखे त्यात काही नसते. एका वाहनावर ते बनवणाऱ्याची सही आहे, दुसऱ्यावर ते चालवणाऱ्याची.

मुंबईच्या बंदरापासून उत्तरेकडे जाणारा मालगाड्यांचा स्वतंत्र लोहमार्ग याच परिसरातून जातो. लांबचा माल उद्या रुळांवर जाईल, पण खारबावपासून दुकानापर्यंतचा शेवटचा टप्पा हलक्या ट्रकलाच करावा लागणार. त्या ट्रकसाठी गोदामाच्या भिंतीवर एक जोडणी बसवण्याचा खर्च कोणी करायचा, हा प्रश्न गोदाममालक, माल पाठवणाऱ्या कंपन्या आणि शासन यांनी आजवर चालकावरच सोडून दिला आहे.