बाळसे मोजायचे कसे?

बाळ जन्मले की पहिली चौकशी वजनाची होते. पुढे काही महिन्यांत बाळाने 'बाळसे धरले' की घरातील वडीलधारी मंडळी निश्चिंत होतात. वजनकाटा मात्र केवळ एकूण भार सांगतो. त्यात मेद किती आणि स्नायू, हाडे, अवयव व पाणी मिळून होणारा मेदविरहित भाग किती, हे त्यावरून कळत नाही.

हा भेद किती महत्त्वाचा आहे, हे पुण्यातील संशोधनाने दाखवून दिले. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळील सहा खेड्यांतील नवजात बालकांची तुलना इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांशी केली. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात पुण्याकडील बाळांचे सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्रज बाळांचे ३.५ किलो होते. दंड व पोट यांचे घेर बरेच कमी असूनही खांद्याच्या पात्याखालील मेदाचा थर त्या मानाने टिकून होता. बाळ दिसायला कृश, पण मेद राखून असलेले! मोठेपणी भारतीयांत आढळणाऱ्या मधुमेहाच्या प्रवृत्तीची मुळे येथे असावीत, असा विचार त्यातून पुढे आला.

या अभ्यासात वापरलेली पद्धत सर्वांत साधी आहे. त्वचेची घडी चिमटीत धरून कॅलिपरने तिची जाडी मोजतात. ती स्वस्त आहे आणि खेड्यातही नेता येते. परंतु तिचा अचूकपणा मोजणाऱ्याच्या हातावर अवलंबून असतो, आणि पोटाच्या आतील मेद तिच्या आवाक्याबाहेर राहतो.

दुसरी पद्धत 'जड पाण्या'ची. ड्यूटेरियम हा हायड्रोजनचा किरणोत्सर्गी नसलेला समस्थानिक असलेले थोडे पाणी बाळाला पाजतात. ते शरीरात मिसळल्यावर लाळ किंवा लघवी तपासून शरीरातील एकूण पाणी काढतात. मेदात पाणी जवळजवळ नसतेच, त्यामुळे पाण्यावरून मेदविरहित भाग काढता येतो. येथे एक मेख आहे. प्रौढांच्या मेदविरहित भागात सुमारे ७३ टक्के पाणी असते, तर नवजात बालकात सुमारे ८० टक्के. समजा, ३ किलोच्या बाळात २.१ किलो पाणी आहे. ८० टक्क्यांच्या हिशेबाने मेद सुमारे ३७५ ग्रॅम भरतो. प्रौढांचा आकडा वापरला, तर अवघा सव्वाशे ग्रॅम!

तिसरी पद्धत हवेच्या विस्थापनाची. 'पी पॉड' नावाच्या यंत्राच्या बंद कक्षात बाळाला सुमारे दोन मिनिटे निजवतात. त्याने व्यापलेल्या जागेवरून आकारमान आणि वजनावरून घनता काढतात. मेद इतर ऊतींपेक्षा हलका असल्याने घनतेवरून त्याचे प्रमाण मिळते. बाळ रडले, हलले तरी चालते. मात्र साधारण सहा महिन्यांनंतर ते कक्षात मावेनासे होते.

'डेक्सा' तपासणीत दोन वेगवेगळ्या ऊर्जांचे क्ष-किरण वापरतात. त्यांची मात्रा अल्प असते, पण बाळ स्थिर असावे लागते. मेद नेमका कोठे साठला आहे, हे एमआरआय सर्वांत स्पष्ट दाखवते. पुणे व लंडन येथील नवजात बालकांच्या अशा तपासणीत भारतीय बाळांच्या पोटात मेद अधिक आढळला. तो अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. खर्च ही या पद्धतीची मोठी अडचण आहे.

या पद्धतींचे आकडे एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत. म्हणून एकाच बाळाची वाढ पाहताना पद्धत बदलू नये, हा नियम पाळावा लागतो.

या तपासण्या मुख्यतः संशोधनासाठी आहेत. प्रत्येक बाळाला त्यांची गरज नाही. नियमित वजन, लांबी व डोक्याचा घेर यांची नोंद आजही पुरेशी उपयुक्त आहे. पहिल्या काही महिन्यांत मेदाचे प्रमाण झपाट्याने वाढणे नैसर्गिकच; तेच बाळसे. मात्र लहानखुऱ्या बाळाला केवळ गुटगुटीत करण्याचा अट्टहास धरण्यापूर्वी एवढे लक्षात ठेवावे, की वाढलेला प्रत्येक ग्रॅम सारखा नसतो.