पुतळी : व्हेनिसचें नाणें आणि चौलचें बंदर

महाराष्ट्रांतील जुन्या घराण्यांत पुतळ्यांची माळ हा मानाचा दागिना समजला जातो. तींतील सोन्याच्या चकत्यांवर मानवाकृति असतात, म्हणून त्यांस पुतळी हें नांव पडलें. त्या आकृति मूळच्या कोणाच्या, या प्रश्नाचें उत्तर इटलींतील व्हेनिस नगरींत सांपडतें.

व्हेनिसच्या प्रजासत्ताकानें १२८४ सालीं डुकाट नांवाचें सोन्याचें नाणें पाडण्यास प्रारंभ केला. त्याचें वजन सुमारें साडेतीन ग्रॅम असून सोनें जवळजवळ निर्भेळ असे. एका बाजूस संत मार्ककडून गुडघे टेंकून ध्वज स्वीकारणारा डोज, म्हणजे त्या राज्याचा निर्वाचित अधिपति. दुसऱ्या बाजूस तारकांनीं वेढलेला येशू ख्रिस्त. डोज बदलला कीं नाण्यावरील नांव बदले. परंतु वजन, कस आणि ठसा हीं १७९७ सालीं नेपोलियननें तें प्रजासत्ताक बुडवीपर्यंत जवळजवळ तशींच राहिलीं.

हिंदुस्थानची मिरीं व वस्त्रें युरोपास हवीं असत. पण मोबदल्यांत देण्याजोगा माल युरोपाजवळ थोडा होता. त्यामुळें सोनें आणि रुपें पूर्वेकडे वाहत आलें. कांहीं नाणीं मिसर देशांतून तांबड्या समुद्रानें, तर कांहीं बसरा व होर्मुझ येथून निघून पश्चिम किनाऱ्यास लागत. आजच्या रायगड जिल्ह्यांतील, कुंडलिकेच्या मुखाशीं असलेलें चौल हें या व्यापाराचें नामांकित बंदर होय. पोर्तुगीजांनीं १५२१ सालीं तेथें किल्ला बांधावयास घेतला. पुढें त्याच शतकांत व्हेनिसचा व्यापारी चेझारे फेडेरिची यानें आपल्या प्रवासवृत्तांत चौलचें वर्णन केलें.

या समुद्रावर व्हेनिसचें आरमार नव्हतें, कीं येथील बाजारांत त्याचा हुकूम चालत नव्हता. तरीहि सराफाच्या कांट्यावर आणि कसोटीवर हें नाणें खरें उतरे; तेवढ्यावरच तें चाले. सभासदाच्या बखरींत शिवछत्रपतींच्या खजिन्यांतील नाण्यांची यादी आहे, तींत पुतळीचेंहि नांव आढळतें.

हेंच तत्त्व रायगडावर स्पष्ट शब्दांत मांडलें गेलें. १६७४ सालीं इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन चौलमार्गें राज्याभिषेकास आला. आमचें नाणें आपल्या राज्यांत चालावें, असें कलम इंग्रजांनीं तहासाठीं पुढें केलें होतें. महाराजांचें उत्तर मार्मिक होतें : कोणत्याहि नाण्यास येथें मनाई नाहीं, परंतु ज्यांत रयतेचें नुकसान होईल, असें नाणें घेण्याची तिजवर सक्ति करतां येणार नाहीं. वजन आणि कस इतरांच्या तोडीचा असेल, तर तें खुशाल चालावें.

१७४० सालीं चौल पोर्तुगीजांच्या हातून मराठ्यांकडे आलें. व्हेनिसचें राज्यहि पुढें लयास गेलें. पुतळी मात्र गळ्यांत राहिली. येथील सोनारांनीं तिच्या प्रतिकृति घडविल्या. त्यांत लॅटिन अक्षरें मोडून नुसत्या रेघा उरल्या. अस्सल नाणें मात्र दुर्मिळ झालें, कारण दर पिढींत कांहीं माळा मुशींत आटल्या. म्हणून एखादी जुनी माळ मोडण्यापूर्वीं तिच्यावरील अक्षरें भिंगाखालीं पाहावीं. डोजचें नांव वाचतां आलें, तर तें नाणें कोणत्या काळीं पाडलें गेलें हें बहुधा सांगतां येतें. मुशींत गेल्यावर उरतें तें केवळ सोनें.