झोपेची विसरलेली नोंद : १९१७ ते २००८

१/ १९१७. महायुद्धाच्या ऐन धामधुमीत व्हिएन्नाच्या रुग्णालयात चमत्कारिक रुग्ण येऊ लागले. कोणी बसल्या जागी झोपे, तर कोणाला तोंडात घास असतानाच झोप लागे.

२/ मे महिन्यात डॉ. कॉन्स्टंटिन फॉन इकोनोमो यांनी या मेंदूज्वराचे वर्णन प्रसिद्ध केले. एन्सेफलायटिस लेथार्जिका या नावाने तो ओळखला जातो. साथ पुढे जगभर पसरली. वाचलेल्या अनेकांना काही वर्षांनी पार्किन्सनसारखा कंप व ताठरपणा आला.

३/ काही रुग्णांना मात्र झोपच येत नसे. शवविच्छेदनात कारण दिसले. अतिनिद्रेच्या रुग्णांत हायपोथॅलॅमसच्या मागील भागाला इजा होती, तर निद्रानाशाच्या रुग्णांत पुढील भागाला. म्हणजे झोप ही मेंदूची निव्वळ निष्क्रियता नव्हती. ती घडवून आणणारी यंत्रणा मेंदूतच होती.

४/ त्याच वर्षी मार्चमध्ये न्यूयॉर्क राज्यातील क्लिफ्टन स्प्रिंग्ज येथे सहा जणांनी ऑक्युपेशनल थेरपीची, म्हणजेच व्यवसायोपचाराची, राष्ट्रीय संघटना स्थापन केली. येथे 'व्यवसाय' म्हणजे केवळ उदरनिर्वाहाचे साधन नव्हे. माणसाचा दिवस ज्यांनी भरतो ती सर्व कामे.

५/ १९२१ मध्ये बाल्टिमोर येथे मनोविकारतज्ज्ञ अडॉल्फ मायर यांनी या संघटनेपुढे भाषण केले. काम, खेळ, विश्रांती आणि झोप या चौघांचा तोल सांभाळणे हे त्यांनी आरोग्याचे सूत्र मानले.

६/ पुढे मात्र चौथा घटक मागे पडला. दुसऱ्या महायुद्धानंतर पुनर्वसनाचा भर स्नायू, सांधे आणि कामावर परतणे यांवर राहिला. अमेरिकी संघटनेच्या २००२ च्या आराखड्यात झोप स्नान-भोजनादी दैनंदिन क्रियांच्या यादीत होती. २००८ मध्ये तिला स्वतंत्र स्थान मिळाले.

७/ हा केवळ वर्गीकरणाचा तपशील नव्हे. पार्किन्सनच्या रुग्णाला रात्री कूस बदलणेही कठीण जाते. पक्षाघात किंवा मेंदूच्या दुखापतीनंतर झोप विस्कटली, की दिवसाचे व्यायामही जड होतात. म्हणून आज या क्षेत्रातील संशोधक मनगटावरील यंत्राने झोपेची नोंद घेतात. अंथरूण, प्रकाश, दिवसाचा क्रम आणि रात्री जागणारे कुटुंबीय यांचीही ते चौकशी करतात.

८/ झोपेचे मेंदूतील स्थान आणि दिनक्रमातील महत्त्व, दोन्ही १९२० च्या दशकातच माहीत झाले होते. तरीही रुग्णाच्या रात्रीला उपचाराच्या आराखड्यात स्वतंत्र जागा मिळण्यास आणखी आठ दशके लागली.

(समाप्त)