‘शेजारी’ कीं ‘पडोसी’?

प्रभातच्या जुन्या बोलपटांच्या तबकड्या जिवापाड जपणारीं घरें अजून आहेत. अशाच एका घरांतल्या माझ्या माजी विद्यार्थ्यानें मध्यंतरीं मला विचारलें, “गुरुजी, संग्रहाला ‘शेजारी’ घेऊं कीं ‘पडोसी’?” मी मास्तरी सवयीनें म्हणालों, “मूळ सोडून नक्कल कशास घेतोस?” तें उत्तर चुकलें होतें. कसें चुकलें, तेंच आज सांगावयाचें आहे.

१४ मार्च १९३१ रोजीं मुंबईस ‘आलम आरा’ प्रदर्शित झाला आणि आपल्याकडील चित्रपटास वाचा फुटली. वाचेबरोबर भाषेचा प्रश्न आला. मूकपटाच्या पाट्या बदलल्या कीं तो कोणत्याही प्रांतांत चाले. बोलपटाची गोष्ट निराळी. एकाच्या ओठांवर दुसऱ्याचा आवाज बसविण्याची रीत तेव्हां रुळलेली नव्हती. म्हणून कोल्हापुरांत निघालेल्या प्रभात कंपनीनें १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’साठीं एकच कथा मराठींत व हिंदींत अशी दोनदां चित्रित केली. कंपनी पुण्यास आल्यावरही ही प्रथा चालू राहिली. ‘कुंकू’ व ‘दुनिया न माने’ (१९३७), ‘माणूस’ व ‘आदमी’ (१९३९), ‘शेजारी’ व ‘पडोसी’ (१९४१) हीं सारीं जुळीं भावंडें. जुळ्यांत मूळ कोणतें आणि नक्कल कोणती?

‘शेजारी’ची कथा विश्राम बेडेकरांची, दिग्दर्शन शांतारामबापूंचें. एका खेड्यांत एक हिंदु व एक मुसलमान असे दोन वृद्ध मित्र राहतात. गांवाजवळ धरण बांधूं पाहणारा धनिक गांवाचा विरोध मोडण्यासाठीं त्या दोघांत फूट पाडतो. अखेर धरण फुटतें, तेव्हां दोघे एकमेकांचा हात धरून मृत्यूस सामोरे जातात. १९४० च्या मार्चांत लाहोरास मुस्लिम लीगचा ठराव झालेला होता. त्यापाठोपाठ हें चित्र आलें, हें ध्यानांत घ्यावें.

मराठींत पाटलाचें काम केशवराव दाते यांनीं केलें आणि मिर्झाचें गजानन जागीरदार यांनीं. हिंदींत जागीरदार कायम राहिले. मात्र हिंदु मित्राच्या भूमिकेंत मझहर खान आले. म्हणजे हिंदु नट मुसलमान झाला आणि मुसलमान नट हिंदु झाला. कथेंत जें सांगावयाचें, तें नटांच्या निवडीनेंच सांगितलें गेलें. हें बळ केवळ ‘पडोसी’त आहे. उलट दात्यांचा पाटील केवळ ‘शेजारी’त आहे, आणि मराठी कानाला त्याची सर दुसऱ्या कशाला यावयाची नाहीं. एक ठेवून दुसरा टाकला, तर अर्धा इतिहास टाकला असें होतें.

दोन्ही ठेवावे हें उत्तम. परंतु एकच घेणें असेल तर?

मी राहतों तो सूरजागडचा मुलूख. येथील माणसें घरांत माडिया बोलतात. जिल्ह्याच्या दक्षिणेकडून तेलुगु येते, पूर्वेकडून छत्तिसगढी, आणि चामोर्शी-मुलचेऱ्याकडे निर्वासित म्हणून आलेल्या बंगाली कुटुंबांची वस्ती आहे. डोंगरांतून लोहखनिज निघत आहे, आणि खाणीवरून येथें दोन मतें आहेत. कालपर्यंत एका बाजेवर बसणारे आज समोरासमोर आले कीं मान फिरवितात. त्यांना एकत्र बसवून हें चित्र दाखवावें असें माझ्या मनांत आलें, तेव्हां मीं ‘पडोसी’ निवडला. मराठीचा अभिमान मला कोणापेक्षां कमी नाहीं. पण माझ्या पडवींत बसणाऱ्यांपैकीं पुष्कळांना दात्यांच्या बोलण्यांतील गोडी कळली नसती, हिंदी मात्र बाजारामुळें सर्वांना कळते.

म्हणून त्या विद्यार्थ्यास मीं पुन्हां पत्र लिहिलें : “तुझ्या घरीं सारे मराठी बोलणारे असतील, तर ‘शेजारी’ घे, तो जपणारे आपल्याशिवाय दुसरे कोणी नाहींत. पण भिंतीपलीकडे दुसऱ्या भाषेचा माणूस राहत असेल, तर ‘पडोसी’ घे आणि त्याला बोलाव. चित्राचें नांव काय आहे, तें विसरूं नको.”