ग्रुपवरचे अवांतर मेसेज : टाकावेत की टाळावेत?

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळी सात वाजता सूचना येते : 'आज टाकी साफ होणार, दहानंतर पाणी बंद.' लगेच 'शुभ सकाळ'चे फोटो सुरू होतात. मग कुणाचा तरी वाढदिवस, त्यावर शुभेच्छांचा पाऊस. दहा वाजता नळ कोरडा पडतो आणि अर्धी इमारत विचारते, "आधी सांगायचं नाही का?" सांगितलेलं असतं, पण ते शुभेच्छांखाली गाडलं गेलेलं असतं.

अवांतर म्हणजे नेमके काय?

ग्रुप ज्या कामासाठी काढला आहे त्याच्याशी संबंध नसलेला मेसेज म्हणजे अवांतर. मजकूर वाईट असतो असे नाही. पाककृती खाण्याच्या ग्रुपवर विषयाला धरून असते, तर शाळेच्या पालक ग्रुपवर अवांतर ठरते.

हा नियम आला कुठून?

व्हॉट्सॲपच्या बऱ्याच आधी, ऑक्टोबर १९९५ मध्ये 'आरएफसी १८५५' हा इंटरनेटवरील शिष्टाचाराचा दस्तऐवज प्रसिद्ध झाला. विषय सोडून भरकटू नका, असे त्यात सांगितले आहे. केवळ दुसऱ्याची चूक दाखवण्यासाठी मेसेज पाठवू नका, हेही तिथेच आहे. मराठी संकेतस्थळांवर विषयाबाहेरचे लिहिताना आधी 'अवांतर' असा शब्द टाकण्याची पद्धत रुळली. त्यामुळे ज्याला वाचायचे नाही तो पुढे जाऊ शकतो.

मेसेज टाकण्यापूर्वी

- ग्रुपचे वर्णन वाचा. नवीन असाल तर काही दिवस फक्त वाचत राहा.
- ताज्या सूचनेखाली किंवा तातडीच्या चर्चेच्या मध्ये अवांतर टाकू नका.
- टाकायचेच असेल तर सुरुवातीला 'अवांतर' लिहा आणि एकाच मेसेजमध्ये संपवा.
- एकाच व्यक्तीसाठी असेल तर तिला वैयक्तिक मेसेज करा. आभार, 'ओके', अंगठा यांसाठी मूळ मेसेजवर इमोजीने प्रतिक्रिया देता येते.
- वाद दोघांतच रंगला तर तो ग्रुपबाहेर न्या.

दुसऱ्याने टाकले तर?

'हा ग्रुप यासाठी नाही' असे दहा जणांनी लिहिले की एका अवांतर मेसेजचे अकरा होतात. शिवाय ज्याने टाकले त्याचा चारचौघांत अपमान होतो. बरेचदा तो एकटा राहणारा ज्येष्ठ सदस्य असतो आणि 'शुभ सकाळ' हा त्याचा लोकांशी रोजचा संपर्क असतो. त्यामुळे जे सांगायचे ते ॲडमिनने, खासगीत आणि आदराने सांगावे.

ॲडमिन काय करू शकतो?

महत्त्वाची सूचना पिन करता येते. फक्त ॲडमिनलाच मेसेज पाठवता येतील अशी सेटिंगही आहे. पण सगळ्यांची तोंडे बंद केली तर पाण्याची गळती कळवणाराही गप्प बसतो. म्हणून दोन ग्रुप ठेवणे सोयीचे : एक सूचनांसाठी, दुसरा गप्पांसाठी.

अवांतर गप्पांमुळेच शेजारी एकमेकांना ओळखू लागतात. त्या बंद करण्याची गरज नाही. टाकी साफ होणार असल्याची सूचना त्यांच्याखाली दबणार नाही, एवढे पाहिले तरी पुरे.