पूर्वमुद्रित व्हिडिओ मुलाखत : सोय आणि उमेदवाराचे हक्क

छत्तीसगढमधील जगदलपूर ते राजधानी रायपूर हे अंतर रस्त्याने सुमारे ३०० किलोमीटर आहे. बस्तरमधील उमेदवाराला नोकरीच्या मुलाखतीसाठी रायपूरला यायचे, तर प्रवासाचा आणि मुक्कामाचा खर्च करावा लागतो. पूर्वमुद्रित व्हिडिओ मुलाखतीमुळे हा खर्च वाचतो. मात्र मुलाखतीचे ते मुद्रण कोण पाहते आणि ते किती काळ जपून ठेवले जाते, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे.

या पद्धतीत मुलाखत घेणारी व्यक्ती समोर नसते. प्रश्न पडद्यावर येतो, विचारासाठी थोडा अवधी मिळतो आणि ठरावीक वेळेत कॅमेऱ्यापुढे उत्तर द्यावे लागते. निवड करणारे अधिकारी ते सवडीने पाहतात. सर्वांना तेच प्रश्न विचारता येत असल्याने तुलना सोपी होते. परंतु प्रश्न समजला नाही, तर उमेदवाराला खुलासा विचारता येत नाही. घरात शांत खोली किंवा भरवशाचे इंटरनेट नसलेल्यांची अडचण वेगळीच.

केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून गट क आणि गट ब अराजपत्रित पदांसाठी मुलाखती बंद केल्या. त्यामुळे हा विषय मुख्यतः खासगी क्षेत्राशी निगडित आहे.

अमेरिकेतील हायरव्ह्यू ही २००४ मध्ये स्थापन झालेली कंपनी या क्षेत्रातील जुनी कंपनी मानली जाते. उमेदवाराच्या चेहऱ्यावरील हावभावांचे संगणकीय विश्लेषण करण्याच्या तिच्या पद्धतीविरुद्ध २०१९ मध्ये तेथील संघीय व्यापार आयोगाकडे तक्रार दाखल झाली. हे विश्लेषण थांबवल्याचे कंपनीने जानेवारी २०२१ मध्ये जाहीर केले. इलिनॉय राज्यात १ जानेवारी २०२० पासून लागू झालेल्या कायद्यानुसार, व्हिडिओ मुलाखतीचे विश्लेषण कृत्रिम बुद्धिमत्तेद्वारे करायचे असल्यास उमेदवाराची पूर्वसंमती घ्यावी लागते. त्याने मागणी केल्यास मुद्रण ३० दिवसांत नष्ट करावे लागते.

भारतात व्हिडिओ मुलाखतींसाठी असा स्वतंत्र कायदा नाही. तथापि, डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ मध्ये माहितीचा हेतू आधी कळवणे, दिलेली संमती मागे घेणे आणि माहिती नष्ट करण्याची मागणी करणे यांविषयी तरतुदी आहेत. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि प्रमुख तरतुदींच्या अंमलबजावणीसाठी १८ महिन्यांची मुदत देण्यात आली.

संमतीपूर्वीची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील २२ पैकी कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय देणे या कायद्यानुसार आवश्यक आहे. रायपूरमधील मराठी भाषकाला त्यानुसार मराठीचा पर्याय उपलब्ध असेल. छत्तीसगढीला मात्र २००७ मध्ये राज्याच्या राजभाषेचा दर्जा मिळूनही तिचा त्या अनुसूचीत समावेश नाही. त्यामुळे बस्तर किंवा रायपूरमधील छत्तीसगढी भाषक उमेदवाराला ही सूचना इंग्रजीत, हिंदीत किंवा अन्य अनुसूचित भाषेतच वाचावी लागेल.