दोन चिमटे

जंतू येतात कुठून? नासणाऱ्या पदार्थात ते आपोआप तयार होतात, की बाहेरून येतात? युरोपात हा वाद दोनेकशे वर्षं चालला. आमच्या रिसोडकडच्या आज्यांना कुणी हे विचारलं नाही, पण लोणच्याच्या बरणीत ओला चमचा घालायची बंदी त्यांनी कधीच केली होती.

१८६० साली लुई पाश्चर आल्प्समधल्या हिमनदीवर वीस चंबू घेऊन गेला. आत उकळून बंद केलेला पोषक द्रव होता. चंबूचं टोक मोडायचा चिमटा त्याने आधी ज्योतीतून फिरवला, कारण चिमट्यावरची धूळ आत गेली तर प्रयोगच फसला असता. टोक मोडून तिथली स्वच्छ हवा आत घेतली आणि चंबू पुन्हा बंद केले. वीसपैकी एकच नासला. म्हणजे जंतू धुळीबरोबर बाहेरून येतात.

आता दुसरा चिमटा. पाश्चरच्याच संस्थेत काम केलेल्या वाल्देमार हाफकिनने मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. पुढे परळच्या प्रयोगशाळेतून ती लस देशभर जाऊ लागली.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुल्कोवाल गावात १०७ जणांना लस टोचली. त्यातले १९ जण धनुर्वाताने गेले. एकोणिसांचीही लस एकाच बाटलीतली! पुन्हा तोच प्रश्न, जंतू आले कुठून? चौकशी आयोगाने बोट परळकडे दाखवलं. हाफकिनचं पद गेलं.

पण साक्षीत एक गोष्ट होती. बाटली उघडायचा चिमटा जमिनीवर पडला होता आणि नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. धनुर्वाताचे जंतू मातीतच असतात. शिवाय बूच काढलं तेव्हा लसीला वास नव्हता. जंतू आधीपासून वाढत असते तर तो आला असता. रोनाल्ड रॉससारखे शास्त्रज्ञ बाजूने उभे राहिले आणि १९०७ साली हाफकिन दोषमुक्त ठरला.

१९२५ साली परळच्या संस्थेला त्याचं नाव दिलं गेलं. पण मधली पाच वर्षं कोण परत देणार? आणि ती एकोणीस माणसं? जंतू बाहेरून येतात हे तोवर सगळ्यांना पाठ होतं. चिमटा ज्योतीत धरायला मात्र दरवेळी कुणीतरी थांबावं लागतं.